घडीच्या सायकलची खिट्टी

१

सकाळी दुकान उघडायला आलेल्या छर्रेकाकांच्या पायाला पहिलं काय लागलं, तर मेलेल्या बाईची सायकल.

कुणी ती नीट उभी केली नव्हती, टाकून दिली होती. मधोमध दुमडलेली, हँडल एकीकडे, सीट भलतीकडे. पोलीस ठाण्याची चिठ्ठी अजून ब्रेकच्या वायरला लोंबत होती. आणि शेजारच्या पायरीवर मास्तर बसले होते. शिवणकाम करणारा माणूस, कपड्याला एक सुरकुती चालायची नाही. आज शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"घ्या," मास्तर म्हणाले. "तुम्ही 'घे' म्हणालात म्हणून तिनं घेतली. आता तुम्हीच ठेवा."

"मास्तर, आत तरी या."

"आत येऊन काय करू? पोलीस म्हणतात, उतारावर चालती सायकल मधोमध मिटली, बाईनंच ती नीट लावली नव्हती. दुकानदारही तेच म्हणतो. माझी बायको सुई टोचण्याआधी तीनदा बघायची, नळीवरचं नाव तीनदा वाचायची. ती विसरेल?" मास्तर उठले. "काका, तुम्ही सायकल तपासली होती. डोळे झाकून घे म्हणाला होतात."

एवढं बोलून ते गेले. मागं वळून पाहिलं नाही.

छर्रेकाकांना हे नाव पडलं ते त्यांच्या कानामुळे. पान्याचं एक टोक चाकाच्या एक्सलला लावायचे, दुसरं कानाला, आणि सांगायचे, "एक छर्रा फुटलाय." उघडून बघावं तर खरंच एक फुटलेला. लोक म्हणायचे, म्हातारा छर्‍यांशी गप्पा मारतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण सायकलच्या बाबतीत अख्ख्या वस्तीत त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तोच शब्द आता त्यांच्या छातीवर येऊन बसला होता.

त्यांनी सायकल आत घेतली, स्टुलावर बसून मांडीवर ओढली, आणि चष्मा पुसला.

घडीच्या सायकलला पोटात बिजागरी असते. दाराला असते तशीच, फक्त जाड. सायकल सरळ केली की ती मिटते, आणि मिटली की एक लिव्हर दाबायचा. लिव्हर दाबला की त्याच्या डोक्यावरची बोटाएवढी खिट्टी अंगठ्यानं आत सारायची. खिट्टी आत असली तर हत्ती बसला तरी बिजागरी उघडायची नाही.

काकांनी बिजागरी पाहिली. तडा नाही. लिव्हर पाहिला. वाकलेला नाही. खिट्टी अंगठ्यानं सारून बघितली. आत गेली, बाहेर आली, लोण्यासारखी.

खिट्टी आत असती आणि बिजागरी उघडली असती, तर खिट्टी तरी तुटली असती, नाहीतर भोक तरी फाटलं असतं. इथं एक ओरखडासुद्धा नव्हता.

म्हणजे माल खराब नव्हता. खिट्टी उघडी राहिली होती.

पण उघडी ठेवली कुणी?

२

मेलेल्या बाईला सगळी वस्ती सुईताई म्हणायची. लॅबमध्ये कामाला होती. पहाटे उठून घरोघरी जायचं, उपाशीपोटी बसलेल्या म्हाताऱ्यांचं रक्त घ्यायचं, नळ्या बर्फाच्या डब्यात घालायच्या आणि नऊच्या आत परत. हात असा हलका, की रडणारी पोरं विचारायची, "झालं? टोचलं कधी?"

पाच महिन्यांपूर्वी ती काकांकडे आली होती. गुडघे दुखत होते. पायी फेरी होत नव्हती. बाहेर सायकल लावावी तर चोरीला जाते, वर न्यावी तर जिना चढवत नाही.

"काका, घडी होणारी, बॅटरीवर चालणारी सायकल मिळते म्हणे. चांगल्यातली परवडणार नाही. स्वस्तातली घ्यावी का?"

"स्वस्त आणि वाईट यांची सोयरीक आहे, पण लग्न झालेलं नाही," काका म्हणाले होते. "चल, बघू."

चौकातल्या शेठच्या दुकानात गेले. शेठनं आधी महागड्या दाखवल्या, मग नाइलाजानं कोपऱ्यातली एक काढली. जुनं मॉडेल, म्हणून स्वस्त. काकांनी तिची बिजागरी वीस वेळा उघडली, वीस वेळा मिटली. चाकाला कान लावला. स्वतः चढून दुकानाबाहेर चार चकरा मारल्या. लोक हसत होते. सुईताई पदार्थाची चव बघून घ्यावी तशी सीटवर बसून हळूच पुढे-मागे झाली होती.

"घे," काका म्हणाले होते. "डोळे झाकून घे."

आता तेच बोल कानात वाजत होते. काकांनी ठरवलं. आपल्या शब्दानं बाई गेली असेल, तर हे शटर पुन्हा वर जाणार नाही. आणि गेली नसेल, तर कशानं गेली ते कळल्याशिवाय जाणार नाही.

त्यांनी सायकल आणखी तपासली. या सायकलची बॅटरी पोटातल्या नळीत असते. ती काढायची तर बिजागरी उघडावीच लागते, दुसरी वाटच नाही. काकांनी सायकलला लटकलेल्या किल्लीनं बॅटरीचं कुलूप उघडलं. बॅटरी घट्ट बसते म्हणून तिला कापडाचा पट्टा शिवलेला होता, ओढायला. शिलाई सुंदर, मास्तरांचीच. पट्टा ओढून बॅटरी बाहेर काढली आणि तिच्यावरचं बटण दाबलं.

पाचातला एकच दिवा लागला.

काका थोडा वेळ त्या एका दिव्याकडे बघत बसले. मग बॅटरी परत घातली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मास्तरांच्या घरी गेले.

जिन्याखाली पेन्शनर उभा होता. तळमजल्यावर राहणारा, सुईताईशी सायकलवरून रोज वाद घालणारा. जिन्याखालची जागा कुणाची, हा त्याच्या आयुष्यातला शेवटचा खटला.

"मी काही केलेलं नाही," काकांनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला.

"कुणी म्हटलं केलंय?"

"सगळे बघतात ना तसे! 'एक दिवस फेकून देईन' म्हणालो होतो, खरं आहे. माणूस बोलतो." त्याचा आवाज उतरला. "त्या दिवशी सकाळी मास्तर खाली आले, बॅटरी घातली, वर गेले. सायकल माझ्या दारात आडवी. मी भिंतीकडे सरकवली. हात लावला, खोटं कशाला बोलू? मग ती आली, 'आजोबा, जाते हं' म्हणाली. मी उत्तर दिलं नाही." तो भिंतीकडे बघायला लागला. "दिलं असतं तर काय बिघडलं असतं माझं!"

वर मास्तर मशीनपाशी बसले होते. मशीन बंद होतं. दोरीवर सुईताईचा पांढरा एप्रन वाळत घातलेला, आठ दिवसांत काढलेला नव्हता. उलटा होता. गळ्याच्या आतल्या बाजूला लाल धाग्याची छोटी फुली. मास्तरांच्या शर्टाच्या कॉलरलाही तीच. शिंप्याच्या घरात गिऱ्हाइकांचे कपडे आणि घरचे कपडे एका ढिगात पडतात, म्हणून घरच्यांना फुली. मास्तरांची जुनी सवय. टॉवेलालासुद्धा मारायचे.

"मास्तर, बॅटरी रात्रभर लावली होती?"

"रोज मीच लावायचो. सकाळी हिरवा दिवा बघूनच काढली. पाचच्या पाच दिवे होते."

"पाच?"

"पाच."

"आणि सायकलमध्ये घातलीत ती तुम्हीच."

मास्तरांनी हात चेहऱ्यावर घेतले, आणि बोटांच्या मागून आवाज आला.

"काका, मी तुम्हाला बोललो ते उगाच. बिजागरी मीच उघडली, मीच मिटली. लिव्हर दाबला ते आठवतं. खिट्टी सारली का... ते आठवत नाही. आठ दिवस आठवतोय. आठवत नाही."

३

काका घरी जाऊन झोपू शकले असते. कोडं सुटलं होतं म्हणायला हरकत नव्हती. नवऱ्याच्या हातून खिट्टी राहिली, बायको गेली. कुणाला सांगायचं नाही, पोटात ठेवायचं, संपलं.

पण तो एक दिवा पोटात ठेवू देईना. पाच दिव्यांची बॅटरी तीन-चार किलोमीटरमध्ये एकावर कशी येईल? ठाण्यात आठ दिवस पडून होती म्हणावं, तर पडून राहिलेल्या बॅटरीचा फार तर एक दिवा जातो. चार जात नाहीत.

ते चौकातल्या दुकानात गेले. शेठ त्यांना बघून घाईघाईनं उठला.

"काका, वाईट झालं. मी म्हणतो, ती मोडकी सायकल माझ्याकडे पाठवा. मास्तरांना बदली नवी देतो. बिनबोभाट."

"मोडकी कशाला हवी तुला?"

"आपलं... कंपनीला दाखवायला."

"कंपनी एवढी मायाळू कधीपासून झाली?"

शेठनं रुमालानं मान पुसली. "काका, मी पण त्या दिवशी लॅबमध्येच होतो हो. साखर तपासायला. तिनंच रक्त घेतलं माझं. तिनं घेतलेलं ते शेवटचं. 'शेठ, गोड बोलणं कमी करा, साखर उतरेल,' म्हणाली."

हा सुईताईचाच विनोद. काकांना हसू आलं आणि डोळेही भरले.

"तिच्यासारखं जुनं मॉडेल आहे का एखादं?"

"एक आहे, रंग खरवडलेलं. नंतर सगळी नवी आली. बॅटरी तीच, सगळं तेच, फक्त खिट्टी आपोआप बसते. लिव्हर दाबला की टक्. अंगठा लावायलाच नको. लॅबमधल्या चष्म्यानं नवीच घेतली."

चष्मा म्हणजे लॅबमधली दुसरी मुलगी. जाड काचांची. सुईताईनंच तिला शीर शोधायला शिकवलं होतं.

"ते जुनं दे मला एका दिवसासाठी. किल्लीसकट."

काकांनी ती सायकल सुईताईच्या फाटकाशी नेली. लिव्हर दाबला. खिट्टी सारली नाही. आणि अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस तसल्या सायकलवर चढला, दोन्ही पाय जमिनीला लागतील असा, बेडकासारखा.

पेन्शनर ओरडला, "अहो, मराल!"

"बघू या!"

फाटकासमोरचा पहिला गतिरोधक पार झाला. शाळेच्या कोपऱ्यावरच्या दुसऱ्याला लिव्हर बोटभर वर आला. छापखान्यासमोरच्या तिसऱ्याला 'खट्ट' झालं, सायकल पोटात मोडली, आणि काका गुडघ्यावर आपटले. पँट फाटली, रक्त आलं. सायकल वेगात असती तर डोकंच फुटलं असतं.

ते रस्त्याच्या कडेला बसून राहिले. मग उठले, सायकल उलगडली, लिव्हर दाबला, या वेळी खिट्टी सारली, आणि पुन्हा पहिल्यापासून निघाले. लॅबपर्यंत. हळूहळू, एकेक गतिरोधक मोजत.

चौदा.

बिजागरी केसभर हलली नाही.

लॅबपासून पुढे नवा रस्ता होता, काचेसारखा गुळगुळीत. त्यावर एकही गतिरोधक नाही. रस्ता संपला की उतार सुरू. उताराच्या मध्यावर पहिला गतिरोधक, आणि त्याच्या पलीकडे, खडीत, एक रिकामी नळी पडलेली होती. जांभळ्या टोपणाची. रक्त घ्यायची.

काकांनी ती उचलली, रुमालात गुंडाळली.

सुईताई घरून निघाली तेव्हा खिट्टी उघडी असती, तर ती तिसऱ्या गतिरोधकालाच पडली असती. ती चौदा पार करून लॅबमध्ये पोचली होती. म्हणजे मास्तर सुटले, पेन्शनर सुटला.

खिट्टी उघडली ती लॅबमध्ये. मग उतारावरच्या वेगाला एकच गतिरोधक पुरला.

४

दुपारी दुकानात येऊन काका गुडघ्याला औषध लावत होते. सुईताईची मोडकी सायकल एका बाजूला, शेठची खरवडलेली दुसऱ्या बाजूला. बॅटरी पुन्हा बघावी म्हणून त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि सुईताईच्या सायकलचं कुलूप उघडलं. बॅटरी ओढली. पट्टाही उलटसुलट करून पाहिला. मग किल्ली परत खिशात टाकताना हाताला दुसरी किल्ली लागली.

त्यांनी दोन्ही तळहातावर घेतल्या. नुकतं जिनं कुलूप उघडलं ती किल्ली सुईताईची नव्हतीच. शेठच्या सायकलची होती.

दोन्ही किल्ल्यांवर एकच आकडा कोरलेला होता.

काकांनी शेठला फोन लावला. "शेठ, तुझ्या सगळ्या सायकलींना एकच किल्ली?"

शेठनं आवाज खाली आणला.

"मालच तसा येतो, काका. स्वस्तातला. मी तरी काय करणार? म्हणून तर म्हणत होतो, सायकल माझ्याकडे पाठवा. कुणाला कळलं असतं तर..."

"तर गिऱ्हाइकांना कळलं असतं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे तसली सायकल ज्याच्याकडे, त्याला सुईताईचं कुलूप उघडून बॅटरी बदलता येत होती. आणि त्या सकाळी लॅबमध्ये अशी दोन माणसं होती. शेठ आणि चष्मा.

लॅब पहिल्या मजल्यावर. जिन्याखाली चष्म्याची सायकल उभी होती, नवी, निळी. वर डॉक्टर खिडकीशी नळ्या लावत होते.

"रोज सकाळी दोघी वर येतात, यादी घेतात, डबे भरतात, वीसेक मिनिटं लागतात," डॉक्टर म्हणाले. "सायकली खाली असतात. नाही हो, इथं घडी करून वर आणत नाहीत. घडी रोग्याच्या घरी. त्या दिवशी ताईची फेरी छोटी होती, उताराकडची. चष्म्याची लांबची होती, टेकडीपलीकडे."

"चष्मा वेळेवर पोचली?"

"त्या दिवशी पोचली. आधीचा आठवडाभर उशीर करत होती. सायकल ढकलत यायची, बॅटरी उतरली म्हणायची. लोक उपाशी बसलेले असतात हो, म्हाताऱ्यांना चक्कर येते. मी शेवटी सांगितलं तिला, आणखी एक दिवस उशीर झाला तर दुसरी नोकरी बघ." डॉक्टरांचा हात थांबला. "का हो?"

"काही नाही. रस्ते बघतोय."

काका खाली आले. चष्मा सायकलपाशी उभी होती, डबा बांधत. काकांना बघून दचकली.

"काका, गुडघ्याला काय झालं?"

"सायकल पोटात मोडली. तुझी कशी आहे? बॅटरी त्रास देत होती म्हणे."

"आता बरी आहे."

"आपोआप बरी झाली? माणूससुद्धा होत नाही गं असा. बघू तरी."

ती नको म्हणायच्या आत काकांनी लिव्हर उचलून बिजागरी उघडली, मिटली, लिव्हर दाबला. टक्. खिट्टी आपोआप बसली. अंगठा लागला नाही.

त्यांनी खिशातली सुईताईची किल्ली काढली आणि चष्म्याच्या कुलपात फिरवली. कुलूप उघडलं. पुन्हा बिजागरी उघडून त्यांनी पट्टा धरून बॅटरी ओढली. मास्तरांनी दोघींनाही सारखेच पट्टे शिवून दिले होते. एकाच कापडाचे, बघणाऱ्याला फरक कळू नये असे.

काकांनी पट्टा उलटा केला.

आतल्या बाजूला लाल धाग्याची फुली होती.

५

चष्मा फुलीकडे बघत होती. तिला ती पहिल्यांदाच दिसत होती.

"मास्तर गिऱ्हाइकाच्या कपड्याला ही मारत नाहीत," काका म्हणाले. "फक्त घरच्या. सुईताईच्या सायकलमधल्या पट्ट्याला फुली नाही. आत्ताच बघून आलो. मग ही इथं कशी?"

"शेठनं बदलली असेल." ती घाईघाईनं म्हणाली. "ते होते त्या दिवशी. मी महिनाभर त्यांच्यामागं लागले होते, बॅटरी बदलून द्या म्हणून. 'बघतो बघतो' म्हणायचे. त्यांच्याकडेही किल्ली आहे, काका!"

"आहे. मलाही आधी तेच वाटलं. नवी बॅटरी द्यायला नको, तक्रार मिटवायची, म्हणून तिची तुला आणि तुझी तिला. शेठच्या स्वभावाला शोभतं." काका जिन्याच्या पायरीवर बसले, गुडघा धरून. "पण शेठनं ते जुनं मॉडेल दहा वर्षं विकलंय. प्रत्येक गिऱ्हाइकाला अंगठ्यानं खिट्टी सारून दाखवलीय. झोपेतसुद्धा त्याचा अंगठा सारेल. खिट्टी विसरेल तो कोण? ज्याच्या स्वतःच्या सायकलला ती सारावीच लागत नाही तो. लिव्हर दाबला, टक् आवाज ऐकला, झालं म्हणून हात झटकले. जुन्या मॉडेलचा लिव्हरही टक् करतो, पोरी. खिट्टी मात्र आपोआप बसत नाही."

वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी खिडकी लावल्याचा आवाज आला.

चष्मा खाली बसली. जमिनीवरच. चष्मा काढला, आणि तिचे डोळे एकदम लहान, उघडे दिसायला लागले.

"चोरायची नव्हती," ती म्हणाली. "दुपारी परत बदलणार होते. माझी बॅटरी निघताना पाच दिवे दाखवते, थोडं चाललं की एकच उरतो. ताईची फेरी उताराची होती, तिला बॅटरी लागणारच नव्हती. मला टेकडी होती. डॉक्टर म्हणाले होते... पाच मिनिटांत बदलली. वर आले तर ताई शेठचं रक्त घेत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, 'आज रस्ता लांबचा आहे तुझा, जा लवकर.'"

"मागितली असतीस तर तिनं दिली नसती?"

"दिली असती." तिनं मान खाली घातली. "आधी दोनदा दिली होती. दोन्ही वेळा ती स्वतः ढकलत आली, आणि डॉक्टरांना सांगितलं, माझीच उतरली. तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं मागू?"

काका रागवायच्या तयारीनं आले होते. समोर राक्षस बसला असता तर बरं झालं असतं. इथं एक पोरगी बसली होती, जिनं मागायच्या लाजेपायी न विचारता घेतलं.

"खिट्टीचं तुला कधी कळलं?"

"पोलीस म्हणाले तेव्हा. की ती उघडी होती. तोपर्यंत मला खिट्टी असते हेच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी रोज तिच्या बॅटरीवर फिरतेय, काका. काढायची हिंमत होत नाही. टाकून द्यायची पण होत नाही."

"मास्तर काय समजतायत, माहीत आहे?"

"तुमची चूक समजतायत. नाहीतर ताईची."

"नाही. स्वतःची समजतायत. त्यांना वाटतंय, खिट्टी त्यांच्या हातून राहिली. आठ दिवस मशीनला पाय लावलेला नाही त्यांनी."

चष्म्यानं मान वर केली. एवढा वेळ तिला स्वतःबद्दल भीती होती, ती चेहऱ्यावर दिसत होती. आता ती नव्हती. तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं, अधिक जड.

"चला," ती म्हणाली. "आधी तिकडे. मग ठाण्यात."

६

मास्तर दार उघडून बाजूला झाले. चष्मा आत आली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली, बॅटरी दोन्ही हातांत धरून, आणि सगळं सांगितलं. कुठे थांबली नाही, काही गाळलं नाही, 'पण' म्हणाली नाही. सांगून झाल्यावर बॅटरी खाली ठेवली. फुली वर आली होती.

काकांना वाटलं, मास्तर ओरडतील. हात उगारतील. मध्ये पडायला ते पुढे सरकलेही.

मास्तर खाली बसले. पट्टा बोटात धरला. फुलीवरून अंगठा फिरवला, शिलाई तपासतात तसा. ते चष्म्याकडे बघत नव्हते.

"हिला जाऊ दे," ते म्हणाले. "मी आज हिला काही बोललो तर ते आयुष्यभर बोलत राहीन."

"ठाण्यात जाते," चष्मा म्हणाली.

"जा."

"काका येतायत बरोबर."

"येतील. तू खाली थांब."

ती जिना उतरून गेली. खाली पेन्शनर तिला काहीतरी विचारत होता.

मास्तर अजून फुलीकडेच बघत होते. "काका, ती म्हणाली ते खरं असेल. पण बायको घरून निघताना... मी सकाळी... तेव्हा खिट्टी होती? की मीही विसरलो होतो, आणि ही पोरगी पुन्हा विसरली? तसंही असेल ना?"

"नाही."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"मी माझा गुडघा फोडून घेतलाय मास्तर, बरं वाटावं म्हणून नाही." काका त्यांच्यासमोर बसले, फाटक्या पँटीसकट. "खिट्टी उघडी असती तर सायकल तिसऱ्या गतिरोधकाला मोडते. मी मोडून बघितली. ती लॅबपर्यंत पोचली."

"पुन्हा सांगा."

"काय?"

"गतिरोधक. सगळे सांगा."

काकांनी रुमाल काढला, ती जांभळ्या टोपणाची नळी मास्तरांसमोर ठेवली, आणि डोळे मिटले. रस्ता बघायला त्यांना डोळे लागत नसत.

"आपल्या फाटकासमोरचा एक. पेन्शनरला 'जाते हं' म्हणाली, त्यानंतर लगेच. पार. शाळेच्या कोपऱ्यावरचा दोन. पार. छापखान्यासमोरचा तीन, तिथं मी पडलो. ती नाही पडली. पार. पाण्याच्या टाकीपाशी चार आणि पाच, जोडीनं. पार. दवाखान्याच्या अलीकडे सहा, पलीकडे सात. लाकडाच्या वखारीसमोर आठ, तो सगळ्यांत उंच. पार. न्हाव्याच्या दुकानाशी नऊ. पुलावर चढताना दहा, उतरताना अकरा. पोस्टासमोर बारा. बागेच्या दाराशी तेरा."

मास्तरांचे ओठ हलत होते. तेही मोजत होते.

"आणि लॅबच्या दारातला?"

"चौदा," काका म्हणाले. "तिथं ती उतरली. स्वतःच्या पायानं. तोपर्यंत तुमची खिट्टी जागेवर होती."